बोर्ड दिसला, तारीख दिसली नाही



गेली सतरा-अठरा वर्षे मी चळवळीचे बॅनर, पत्रके, निवेदने, अहवाल आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्ट तयार करतो. पोटासाठी डीटीपीचे काम आणि उरलेल्या वेळात हे. माझ्या हातून किती बॅनर गेले याचा हिशोब नाही. पण त्यातला एक बॅनर अजून टोचतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यात स्वाधार योजनेची माहिती पोरांपर्यंत पोहोचवायची असे बैठकीत ठरले. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी थेट बँक खात्यात पैसे मिळतात. आपल्या कितीतरी पोरांना ती माहीतच नसते. म्हणून मुख्य चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावायचा ठरला. डिझाइन अर्थातच माझ्याकडे.

मी काय केले? वर बुद्ध, बाबासाहेब, जोतिराव, सावित्रीमाई, शाहू महाराज, रमाई. मध्ये अध्यक्षांचा हात जोडलेला मोठा फोटो. दोन्ही बाजूंना पदाधिकारी. खाली शुभेच्छुक. योजनेचे नाव निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरात, कारण लाल उठून दिसतो अशी माझी समजूत. कागदपत्रांची यादी बारीक अक्षरात. आणि अर्जाची शेवटची तारीख सर्वांत खालच्या पट्टीत, प्रेसच्या नावाच्या जरा वर. फ्लेक्स चौकात बांधला गेला. खालची पट्टी पानटपरीच्या पत्र्यामागे गेली.

दोन महिन्यांनी वस्तीतली एक मावशी भेटली. तिची मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी बी. एस्सी. करत होती, वसतिगृहात नंबर लागला नव्हता. मी म्हणालो, "मावशी, स्वाधारचा अर्ज भरला ना? चौकात एवढा मोठा बोर्ड लावला होता." मावशी म्हणाली, "भाऊ, बोर्ड तर मी रोज बघायले की, कामाला जाता-येता. मला वाटलं जयंतीचा राहिलाय, काढला नाही कुणी."

त्या मुलीने वर्षभर एसटीने ये-जा केली. दोन विषय राहिले. नंतर मी कॉम्प्युटरवर ती फाइल उघडून चेहरे मोजले. चौतीस होते.

दोष अध्यक्षांचा नव्हता. त्यांनी फक्त "फोटो राहू दे" एवढेच म्हटले होते. तारीख कुठे ठेवायची, किती मोठी ठेवायची, हे माझ्या हातात होते. धंद्यातला माणूस मीच होतो.

आपल्याकडे डिझाइनबद्दल दोन टोकांची मते आहेत. एक गट म्हणतो, विचार महत्त्वाचा, सजावट भांडवलदारांनी करावी. दुसरा गट म्हणतो, जेवढे चेहरे, जेवढे रंग, जेवढी चमक तेवढा दणका. दोन्ही गटांना वाटते की डिझाइन म्हणजे सजावट. माझा वाद इथेच आहे. डिझाइन म्हणजे आधी काय दिसावे, मग काय दिसावे आणि काय अजिबात नसावे, हे ठरवणे. हा निर्णय कोणीतरी घेतोच. विचार करून घेतला नाही तर पानटपरीचा पत्रा घेतो.

पण चौतीस चेहऱ्यांची टर उडवणाऱ्यांमध्येही मी नाही. वर्तमानपत्रांच्या संपादकीय पानांवर आणि उच्चभ्रू गप्पांत 'फ्लेक्सबाजी'ची जी हेटाळणी चालते, तिच्यात बऱ्याचदा वास वेगळाच असतो. शहराच्या विद्रूपीकरणाची आठवण काहींना नेमकी एप्रिल महिन्यातच होते. ज्या माणसाच्या आजोबाला गावात नावाने हाक मारत नव्हते, त्याला चौकात स्वतःचे नाव आणि फोटो बघावासा वाटला तर त्यात हसण्यासारखे काय आहे? माझ्याकडे एक गवंडीकाम करणारा दादा दरवर्षी जयंतीच्या बॅनरसाठी वर्गणी देतो आणि फोटो द्यायला नवीन शर्ट घालून येतो. त्याचा फोटो मी कधीच गाळणार नाही. तो बॅनर त्याचाच आहे.

मुद्दा एवढाच की तो बॅनर जयंतीचा असावा. जयंतीचा बॅनर आणि माहितीचा बोर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जयंतीच्या बॅनरचे काम 'आम्ही आहोत' हे सांगणे. माहितीच्या बोर्डाचे काम 'तू हे कर, या तारखेच्या आत कर' हे सांगणे. आम्ही दुसऱ्या कामाला पहिल्याचा अंगरखा घातला. मावशीने तो अंगरखा ओळखला आणि पुढे गेली. तिची नजर चुकली नव्हती. उलट वर्षानुवर्षे आम्हीच तिला शिकवले होते की निळी पार्श्वभूमी आणि गर्दीचे चेहरे म्हणजे जयंती, त्यात वाचायचे काही नसते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे जाहिरात कंपन्यांचे ज्ञान, चळवळीत याचा काय संबंध? तर थोडा इतिहास बघू. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. म्हणजे आपल्या पत्राची सुरुवातच 'तुम्ही दिसू नका' या उत्तराने झाली. दिसणे हा आपल्यासाठी कधीच सजावटीचा विषय नव्हता. 'मूकनायक'च्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता, १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'च्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. अंक हातात घेतल्याबरोबर वाचकाची नजर कुठे पडणार आणि तिथे काय ठेवायचे, हे बाबासाहेबांनी विचार करूनच ठरवले असणार.

आणि चिन्ह? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून चित्रे आली. ज्या माणसाला शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्याला चित्राने मतपेटीपर्यंत आणले. हत्ती निवडण्यात एक व्यवहारही होता असे मला धंद्यातला माणूस म्हणून वाटते. तो कितीही छोटा छापा, कितीही वाईट शाईत छापा, भिंतीवर चुन्याने काढा, ओळखू येतोच.

अशीच एक गोष्ट सातासमुद्रापलीकडची आहे आणि ती थेट आपल्यापर्यंत येते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात लाउन्डेस नावाची काउंटी आहे. लोकसंख्येत काळे बहुसंख्य, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत जवळजवळ कोणीच नाही. तिथे काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला. निरक्षरतेमुळे राज्यात पक्षाला चित्र-चिन्ह असणे आवश्यक होते. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा आणि सोबत गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची घोषणा. त्याच्यासमोर या लोकांनी काळा पँथर उभा केला. झेपेच्या तयारीतला, एकाच रंगात छापता येईल असा. १९६६ मध्येच ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने तो घेतला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथर हे नाव आपण अभिमानाने घेतो. ते मुळात वाचता न येणाऱ्या मतदारासाठी काढलेले एक चित्र होते, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

ब्लॅक पँथरच्या वृत्तपत्राचे डिझाइन एमरी डग्लस करत. कॉलेजात त्यांनी व्यावसायिक चित्रकला, म्हणजे जाहिरातीचीच विद्या, शिकली होती. पैसे नव्हते म्हणून बऱ्याचदा काळ्याच्या जोडीला एकच रंग. रेषा जाड, लाकडी ठशासारख्या. गरिबीलाच त्यांनी शैली बनवले. आणि आमच्याकडे? रंगीत छपाई स्वस्त झाली म्हणून सोळा रंग, अक्षराला सोनेरी कडा, कडेला सावली, सावलीला चमक. मी हे सगळे केले आहे. नवीन सॉफ्टवेअर हातात आले की सगळी बटणे दाबून बघितल्याशिवाय राहवत नाही.

निळ्या रंगाचे एक दुखणे इथेच सांगून टाकतो, कारण नव्या पोरांना ते कोणी सांगत नाही. स्क्रीनवर झळाळणारा आपला निळा कागदावर आला की जांभळा होतो. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शायांनी. सायन आणि मॅजेंटा दोन्ही शंभर-शंभर टाकले की निळा मेला. मॅजेंटा सायनपेक्षा बराच खाली ठेवा, मग निळा निळा राहतो. मोठ्या कामाआधी हातभर तुकडा छापून उन्हात धरून बघा. एका धम्म परिषदेचा अख्खा मंडप माझ्यामुळे जांभळा झाला होता. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "बाळा, आपला पक्ष बदलला का?" आणि निळ्यावर लाल अक्षर कधीच नको, दोन्ही रंग डोळ्यात भांडतात. निळ्यावर पांढरे. झाले.

आता जरा गंभीर कामाकडे. चळवळीचे काम फक्त चौकात नसते. तहसीलदार, समाजकल्याणचे सहाय्यक आयुक्त, आयोग, पत्रकार, वकील यांच्यासमोर आपण कागद घेऊन जातो. तिथे आपला कागद कसा दिसतो?

एका गावात आपल्या लोकांच्या स्मशानभूमीकडे जाणारी वाट एका शेतकऱ्याने नांगरून टाकली होती. पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन ओढ्यातून जावे लागे. आम्ही चौदा पानांचे निवेदन दिले. त्यात संविधानाची कलमे होती, मनुस्मृती होती, गावचा इतिहास होता, तीव्र आंदोलनाचा इशारा होता. साहेबांनी पहिले पान वाचले, शेवटचे पान बघितले, आवक शिक्का मारला गेला. सहा महिने काही नाही.

दुसऱ्या वेळी मी गावात जाऊन वाट चालून आलो. सोबत गावातला एक म्हातारा होता. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत काढली. त्यावरून एक साधा नकाशा केला. वस्ती, ओढा, स्मशानभूमी, मधले गट नंबर. जुनी वाट तुटक रेषेने, आता जावे लागते ती वाट जाड रेषेने. दोन्हींवर पावलांनी मोजलेले अंतर. खाली तीन फोटो. प्रत्येकाखाली तारीख, कुठून कोणत्या दिशेने काढला ते आणि नकाशावर त्याच जागी १, २, ३ असे आकडे. सगळे एका पानावर. मागण्या दुसऱ्या पानावर, दोनच. कलमे आणि बाकीचे सगळे मागे जोडपत्रात.

साहेबांनी कागद टेबलावर आडवा केला आणि बोट ठेवून विचारले, "हा ओढा बारमाही आहे का?" मित्रांनो, निवेदने देण्याच्या इतक्या वर्षांत अधिकाऱ्याने मला मजकुराबद्दल प्रश्न विचारलेला तो पहिला प्रसंग. पंधरवड्यात स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला. रस्ता अजून झालेला नाही, प्रकरण चालू आहे. चित्राने जातीयता मोडत नाही. पण 'मला कळले नाही' हे म्हणायची पळवाट त्या एका पानाने बंद केली. चौदा पानांनी ती उघडी ठेवली होती.

तक्त्यांबद्दलही बोलायला हवे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हातांनी रंगवलेले सुमारे साठ तक्ते मांडले. जॉर्जियातल्या काळ्यांची लोकसंख्या, त्यांच्या मालकीची जमीन, मालमत्ता, साक्षरता, व्यवसाय. कुठे पट्ट्या, कुठे गुंडाळत जाणारी चक्राकार रेषा. गुलामी संपून पस्तीस वर्षे झालेली. काळा माणूस प्रगती करूच शकत नाही असे 'शास्त्र' म्हणून सांगितले जात होते. डु बॉइस यांनी त्याला आकड्यांनी, आणि बघताक्षणी थांबायला लावणाऱ्या आकारांनी उत्तर दिले. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीने केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. अन्याय जगासमोर कसा मांडायचा, ही त्या दोघांची समान काळजी होती.

माझा स्वतःचा तक्त्याचा अनुभव मात्र लाजिरवाणा आहे. अनुसूचित जाती घटक योजनेचा जिल्ह्यातला अखर्चित निधी दाखवायचा होता. मी पट्ट्यांचा तक्ता केला. फरक भयानक दिसावा म्हणून उभी मोजपट्टी शून्यापासून न घेता मधूनच सुरू केली. एका पट्टीच्या शेजारी दुसरी तिप्पट दिसायला लागली. पत्रकार परिषदेत एका पत्रकाराने, तो आपल्या बाजूचाच होता, शांतपणे विचारले, "हे आकडे तिप्पट नाहीत ना?" तिथून पुढे कोणी निधीबद्दल विचारले नाही, फक्त तक्त्याबद्दल विचारले. आकडे खरे होते, अन्याय खरा होता, आणि माझ्या एका चलाखीने दोन्ही संशयात गेले. प्रस्थापितांचा तक्ता खोटा निघाला तर दुरुस्ती येते. आपला निघाला तर 'हे लोक असेच' येते. शून्यापासून सुरू करा. आकडा कोणत्या कागदातून घेतला ते तक्त्याखालीच लिहा.

यापुढचे लिहिताना हात जड होतो, पण टाळून चालणार नाही. अत्याचाराचे फोटो.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. मोठी प्रसारमाध्यमे गप्प होती, त्या फोटोंनी लोकांना रस्त्यावर आणले, हे खरेच आहे. मी त्या वेळी नुकताच काम शिकत होतो आणि प्रेसमध्ये त्या पत्रकाची प्लेट निघताना पाहिली. तेव्हा मला प्रश्न पडला नाही. आज पडतो. या फोटोला कोणी होकार दिला होता?

१९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला हालहाल करून मारले. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवायचा निर्णय घेतला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने बघावे, ही तिची इच्छा होती. 'जेट' साप्ताहिकाने तो चेहरा छापला आणि नागरी हक्क चळवळीला त्याने धक्का दिला. पण निर्णय आईचा होता. कुठल्याशा ग्रुप ॲडमिनचा नव्हता.

आज आपल्या ग्रुपवर सकाळी 'जय भीम, नमो बुद्धाय' आणि त्याखाली विवस्त्र, रक्तबंबाळ देह. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. त्यात मुलगी असेल तर तिचे नाव, गाव, शाळेचा फोटो सुद्धा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२. पीडिता मरण पावली असली तरी तिची ओळख जपायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पण कायदा बाजूला ठेवा. तो फोटो बघून आपल्या वस्तीतल्या मुलीला काय कळते? की हे आपल्यासोबत होऊ शकते. आणि अत्याचार करणाऱ्याच्या जातभाईला काय कळते? तेच कळते. ज्या दहशतीसाठी त्याने ते केले, ती दहशत आपणच घरोघर पोहोचवतो.

मी आता असे पोस्टर करत नाही. घराचा बंद दरवाजा, गुन्ह्याची तारीख, एफआयआर कधी झाली, आरोपपत्र कधी, किती दिवस उलटले, एवढेच ठेवतो. दिवसांचा आकडा सर्वांत मोठा. यावर एका मित्राने मला 'मवाळ' म्हटले. असेन. पण त्या घरातली आई ते पोस्टर हातात धरून मोर्चात चालू शकते, हे मी बघितले आहे.

चित्र कोण बघतो यावरही त्याचा अर्थ ठरतो. २०१२ मध्ये अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला तेव्हा अनेक विद्वानांनी आपल्याला विनोदबुद्धी शिकवली. शंकर यांचे १९४९ चे चित्र, संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब, मागे नेहरू आणि हातात चाबूक. कामाच्या संथपणावरची टीका आहे, चाबूक गोगलगायीला आहे, असे सांगितले गेले. असेलही. पण पन्नास मुलांच्या वर्गात आपला एकच पोरगा बसलेला असतो आणि त्या पानावर बाकीचे एकोणपन्नास त्याच्याकडे वळून बघतात, तेव्हा शंकर यांचा हेतू कामाला येत नाही. पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून २०१९ मध्ये पुस्तकच काढले. ते बघितल्यावर एकट्या चित्राचा प्रश्न उरत नाही. ओळीने लावली की ती स्वतःच बोलतात. तोडफोडीपेक्षा हे उत्तर मला कितीतरी भारी वाटते.

आणि दुसऱ्यांच्या चित्रांवर बोलताना आपली चित्रे तरी बघू. हल्ली एआयवर बाबासाहेब तयार होत आहेत. गोरेपान, पिळदार दंडाचे, कधी हाताला सहा बोटे. रमाईच्या अंगावर दागिने. जी माउली शेणी थापून संसार चालवत होती, तिला आपणच नटवून तिचे कष्ट पुसून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे न घडलेल्या प्रसंगांचे 'दुर्मीळ छायाचित्र'. उद्या खरे छायाचित्र दाखवले तरी समोरचा म्हणेल, हेही तसलेच असेल. फोटोशेजारी बाबासाहेबांचे वाक्य टाकायचे तर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या खंडात ते शोधा, खंड आणि पान खाली लिहा. सापडले नाही तर टाकू नका, कितीही जोरदार असो.

अक्षरांबद्दल एकच तक्रार करतो. आपण लांबलचक लेख चित्रात टाकून पाठवतो. फॉरवर्ड होत होत त्याचा चिखल होतो. शोधला तर सापडत नाही. आपल्या अंध बांधवाचा मोबाइल तो वाचून दाखवू शकत नाही. चित्रात चार-सहा शब्द ठेवा, बाकी मजकूर खाली युनिकोडमध्ये टाइप करा. पूर्वी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी टाकले की जोडाक्षरे फुटायची, म्हणून आम्ही श्रीलिपीला चिकटून होतो. आता ती सबब उरली नाही. मुक्ता, बालू असे चांगले मराठी फॉन्ट फुकट मिळतात. फक्त ओळींमध्ये जागा इंग्रजीपेक्षा जास्त सोडा, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. आणि अक्षरे ताणून लांब करू नका, शिरोरेषा तुटते.

तर, स्वाधारचा बोर्ड. पुढच्या वर्षी मी फ्लेक्स केलाच नाही. ए-फोर कागद, काळा-पांढरा, कारण झेरॉक्समध्ये फोटो काळा डाग होतो आणि जाड अक्षर टिकते. सर्वांत वर 'मुलाला हॉस्टेल मिळाले नाही?' त्याखाली 'राहण्या-जेवणाचे पैसे सरकार देते.' मग तारीख, कागदाच्या पाव भागाएवढी. कागदपत्रांसाठी पाच छोटी रेखाचित्रे, शेजारी नाव, म्हणजे वाचता न येणाऱ्या आईलाही पेटीतून काय काढायचे ते कळावे. खाली एका कार्यकर्त्याचा फोन नंबर. कोपऱ्यात बाबासाहेबांचे छोटे रेखाचित्र, चष्मा आणि कपाळ, चार रेषांत.

अध्यक्षांना दाखवायला नेला तेव्हा मी घाबरलो होतो. त्यांनी बराच वेळ कागद बघितला आणि म्हणाले, "आपलं नाव कुठंच नाही यात." मी म्हणालो, "दादा, जयंतीला मोठं घेऊ." ते हसले. म्हणाले, "दोनशे झेरॉक्स काढ, पैसे मी देतो."

चौकात एकही लावला नाही. पिठाची गिरणी, रेशन दुकान, बचत गटाची बैठक होते ते समाजमंदिर, एसटी स्टँडचा पाण्याचा नळ. जिथे माणूस थांबतो तिथे. मावशीला मी स्वतः जाऊन एक कागद दिला. तिने तो उलटसुलट बघितला, चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "हे बँकेचं पुस्तक ना? आन् हा उत्पन्नाचा दाखला. तो संपलाय आमचा, तहसीलात जावं लागन." मग आतल्या खोलीकडे बघून तिने हाक मारली, "पोरी, उठ, आज गुरुवार हाय, साहेब असतो."

जय भीम.